ट्यूबलेस? जरा दमानं घ्या!

मागच्या महिन्यात रात्रीच्या जेवणानंतर मेसमध्ये आपल्या सायकल क्लबची मीटिंग झाली. विषय एकच होता. गॅदरिंगच्या स्टॉलमधून आणि माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून जमलेल्या छत्तीस हजार रुपयांचं काय करायचं? क्लबच्या सहा रोड सायकली टायर झिजल्यामुळे अर्धमेल्या झाल्या आहेत. दोन तर पार्किंगमध्ये कायमच्या 'बसलेल्या' आहेत. तेवढ्यात कोणीतरी उठून म्हणालं, "ट्यूबलेस करून टाकू! पंक्चरचं झंझटच नको." लगेच टाळ्या! मोटारगाडीत ट्यूबलेस आहे, बाईकला आहे, टूर दि फ्रान्सवाले वापरतात, मग आपण काय घोडं मारलंय?

मी एकटाच हात वर करून "नाही" म्हणालो. मागच्या बाकावरून ताबडतोब आवाज आला, "काऊन बे, तुझं पंक्चरचं दुकान आहे काय?"

दुकान नाही माझं. पण मी 'नाही' का म्हणालो हे त्या गोंधळात सांगता आलं नाही, म्हणून हा लेख. पुढच्या महिन्यात मतदान आहे. त्याआधी एवढं वाचा आणि मग काय तो हात वर करा.

आधी एक किस्सा सांगतो. हॉस्टेलमधल्या अर्ध्या पोरांना तो माहीत आहे, पण माझ्या रूममेटची टिंगल करण्यापुरताच.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परत आलो आणि पहिल्याच रविवारी हाजरा फॉलला निघालो. आमगाव, सालेकसा, तिथून दरेकसाकडे. धान कापून झालेलं, बांध्यांत कुठे पेंढ्या पडलेल्या, कुठे मळणी चालू. हवेत मस्त गारवा. माझ्याकडे वडिलांची जुनी सायकल, आणि रूममेटकडे नागपूरच्या एका सिनियरकडून एप्रिलमध्ये घेतलेली सेकंडहॅण्ड रोड सायकल. चाकं ट्यूबलेस! गाव सोडल्यापासून साहेब मला एकच गोष्ट ऐकवत होते, "तुझी पंक्चर झाली तर मी थांबणार नाही हं."

सालेकसा मागे पडल्यावर रस्त्याच्या कामाची गिट्टी पसरलेली होती. एका टोकदार खड्याने त्याच्या मागच्या टायरची बाजू कापली. सेंटिमीटरभर चीर असेल. फुस्स... आणि खेळ खलास! आत जो पांढरा चीक असतो, म्हणजे सीलंट, तो उडून चीर बुजवेल अशी आम्ही वाट बघत राहिलो. काहीच आलं नाही. पुढे टायर उघडल्यावर कळलं की सीलंट कधीच वाळून गेलेलं. तव्यावर करपलेल्या सायीसारखे त्याचे पापुद्रे आत चिकटले होते. एप्रिलमध्ये सायकल घेतली, मे महिन्यात गोंदियाचा पारा ४५ च्या आसपास, सायकल हॉस्टेलच्या गच्चीवर. सीलंट दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं हे त्याला विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

दीड-दोन किलोमीटर चालत गेल्यावर फाट्यावर एक सायकल दुरुस्तीचं दुकान लागलं. दुकान म्हणजे काय, एक टपरी, पाण्याचं घमेलं, पंप, आणि खिळ्याला लटकवलेल्या जुन्या ट्यूब. काकांनी चाक फिरवून फिरवून पाहिलं. टायर रिमवर इतका घट्ट बसलेला की काकांना गुडघा लावून लोखंडी पट्ट्यांनी तो उचकटायला पंधरा मिनिटं लागली. मग म्हणाले, "कापलं त कापलं. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून देतो, वरून ट्यूब टाकतो. चालते तुमची सायकल." आमचा जीव भांड्यात पडला.

पण ट्यूब काही बसेना. त्यांच्याकडच्या ट्यूबचा वॉल्व्ह जाडा, साधारण साडेआठ मिलिमीटरच्या भोकाचा. आपल्या सगळ्या साध्या सायकलींना तोच असतो. आणि या रिमचं भोक साडेसहा मिलिमीटरचं, बारीक प्रेस्टा वॉल्व्हसाठी केलेलं. दोन मिलिमीटरचा फरक! काका म्हणाले, "भोक मोठं करून देऊ का जी?" रूममेटने अक्षरशः हात जोडले. रिमच तेवढी महागाची.

शेवटी काकांनी काय केलं असेल? समोरच्या खळ्यावरून धानाची तणीस आणली, ओली केली, पिळा घालून टायरमध्ये ठासून ठासून भरली आणि टायर रिमवर चढवला. "बसू नका. ढकलत न्या, उतारावर हळूहळू चालवा," असं बजावलं. आम्ही पैसे काढले तर म्हणाले, "पंक्चर काढलंच नाई त पैसे कायचे जी?"

त्या तणशीवर आम्ही सालेकशापर्यंत आलो. तिथून गोंदियाच्या राईस मिलला धान घेऊन निघालेल्या एका मेटॅडोरवाल्याने पोत्यांवर सायकली टाकू दिल्या. हॉस्टेलला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, मेस बंद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याची प्रॅक्टिकल. फाईल पूर्ण करायला तो रात्रभर जागला. व्हायव्हाला काय झालं ते त्यालाच विचारा.

आता तुम्ही म्हणाल, चूक त्याची होती. सीलंट बघायचं, सुटी ट्यूब सोबत ठेवायची. अगदी बरोबर! पण मग 'झंझटच नको' हे कुठे राहिलं? ट्यूबलेसवाल्यालाही सोबत ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या ठेवाव्याच लागतात. वर सीलंटची तारीख लक्षात ठेवायची ती वेगळीच. ट्यूबलेस घेतल्याने झंझट जात नाही, ते रस्त्यावरून उचलून खोलीत आणलं जातं. ज्याला दर दोन-तीन महिन्यांनी खोलीत बसून ते काम करायची शिस्त आहे त्याचा फायदा होतो, नाकारत नाही. पण आपल्या क्लबमध्ये चेनला तेल कोणी घालायचं यावरून सेमिस्टर निघून जातं, हे विसरू नका!

असो. किस्स्यावरून कायदा काढू नये, असं आमचे मेकॅनिकलचे सर म्हणतात. म्हणून जरा शास्त्राकडे वळू. आणि आधी ट्यूबलेसच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू कमजोर नाही.

आपल्या जिल्ह्यातले काटे तुम्हाला सांगायला नकोत. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर बाभळी. दिवाळीनंतर कुंपणासाठी त्यांच्या फांद्या तोडून ओढत नेतात, आणि रस्त्यावर दोन-दोनच्या जोडीने पांढरे काटे पडत जातात. रस्त्याच्या कडेला सराटे, म्हणजे गोखरू. त्या फळाची रचनाच अशी की कसंही पडलं तरी एक काटा वर राहतोच. देवरी-कोहमारा बाजूला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर गेलात तर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा. ही सगळी भोकं एक-दोन मिलिमीटरची. अशा भोकावर ताजं सीलंट खरंच जादू करतं. हवा बाहेर पडताना सीलंटमधलं लॅटेक्स आणि बारीक कण भोकात अडकतात, गोठतात, आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

दुसरा फायदा म्हणजे खड्ड्यात रिम आणि रस्त्याच्या मध्ये ट्यूब चेपून जी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी, ती ट्यूबच नसल्यामुळे पडत नाहीत. त्यामुळे हवा कमी ठेवता येते आणि कमरेला आराम मिळतो. तिसरं, टायर आणि ट्यूब एकमेकांवर घासण्यात जी थोडी शक्ती वाया जाते तीही वाचते. हे सगळं खरं आहे.

मग अडतंय कुठे? अडतंय 'रोड' या शब्दापाशी.

बाईकच्या टायरमध्ये हवेचा दाब असतो साधारण ३० पीएसआय. माउंटन सायकलमध्ये त्याहूनही कमी. रोड सायकलच्या २५ मिलिमीटरच्या बारीक टायरमध्ये मात्र आपण १०० पीएसआयपर्यंत हवा ठोसतो. तीनपटीहून जास्त! एवढ्या दाबाने हवा सुटली की भोक जरा मोठं असलं तर सीलंट गोठायच्या आधीच बाहेर फेकलं जातं. तुमची पाठ आणि मागच्याचं तोंड पांढरं, टायर मात्र रिकामा. शिवाय त्या बारीक टायरमध्ये हवा असते किती? हिशोब करून बघा, जेमतेम एक लिटर. त्यातली थोडी गेली तरी दाब धाडकन उतरतो.

कारच्या ट्यूबलेस टायरशी तुलना तर करूच नका. कारच्या टायरची जाडी सेंटिमीटरच्या हिशोबात, आत स्टीलचे पट्टे, आणि हवा धरून ठेवणारा ब्युटिलचा थर टायरला मुळातच असतो. पंक्चरवाला जी चिकट दोरी सुईने आत खुपसतो ती त्या जाडीवर धरून राहते. सायकलच्या टायरला दोन-तीन मिलिमीटरच्या जाडीत धरायला जागाच कुठे आहे? आणि तारांच्या चाकात रिमला निपलची भोकं असतात. बाईकमध्येही बघा, ॲलॉय व्हील असलेल्या मॉडेलला ट्यूबलेस आणि तारांच्या चाकाला बहुतेक वेळा ट्यूब, त्याचं कारण हेच. सायकलमध्ये ती भोकं चिकटपट्टीने झाकतात. पट्टी एका जागी उचलली गेली की हवा तारांच्या बुडातून निघून जाते, आणि शोधत बसा!

आता स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सवाल्यांसाठी. पातळ भिंतीच्या नळकांड्याचं सूत्र आठवा. टायरच्या कापडावर दर मिलिमीटरला येणारा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. २५ मिलिमीटरचा टायर, १०० पीएसआय म्हणजे ०.६९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, त्रिज्या १२.५. ताण आला साधारण ८.६ न्यूटन. तोच टायर २८ चा घ्या आणि हवा ७५ पीएसआय ठेवा. ताण ७.२ वर येतो, हवेचं आकारमान वाढतं, आणि आपल्यासारख्या साठ-पासष्ट किलोच्या पोरांना ती हवा पुरते. म्हणजे ट्यूबलेसचे जे फायदे सांगतात त्यातला मोठा वाटा, कमी हवा आणि कमी हादरे, हा खरं तर रुंद टायरचा आहे. तो ट्यूब ठेवूनही मिळतो!

एक गोष्ट सुरक्षिततेची, ती गंभीरपणे घ्या. आजकाल काही रिमना कडेची आकडी नसते, ज्याला हुकलेस म्हणतात. तशा रिमवर रोड टायरमध्ये ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, याच्या वर हवा भरायची नाही असा मानकांचा नियम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर शर्यतीत थॉमस डी गेन्ट या बेल्जियन सायकलपटूचा टायर अशाच रिमवरून सुटला आणि तो पडला. चाक दगडाला लागल्यामुळे झालं की रिममुळे यावर पुष्कळ वाद झाला. तो वाद तज्ज्ञांचा. पण आपल्या हॉस्टेलात हवा कशी भरतात? अंगठ्याने दाबून, 'दगडासारखी टणक' होईपर्यंत! आपल्याकडच्या पंपाला काटा नाही. अशा हातांत ती रिम देणं मला तरी धोक्याचं वाटतं.

आता टूर दि फ्रान्सचं. गेल्या काही वर्षांत तिथल्या बहुतेक संघांनी रिमला चिकटवायचे जुने ट्यूबुलर टायर सोडून ट्यूबलेस घेतले, हे खरं आहे. पण त्यांच्या मागे मोटार असते हो! टपावर अख्ख्या सायकली, आत मेकॅनिक. तिथे पंक्चर कोणी काढतच नाही, चाक बदलतात. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेची 'रॅम' ही आडवा देश ओलांडणारी शर्यत एकट्याने पूर्ण केली. आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. त्या शर्यतीतही सोबत मदतीची गाडी आणि माणसं असतात. उलट ब्रेव्हे नावाचा जो प्रकार आहे, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, तिथे नियमच असा की आपलं आपण निस्तरायचं. आपल्या क्लबच्या राइड कुठल्या प्रकारात बसतात? आपल्या मागे मोटार नाही. आपल्या मागे फार तर मेसचे काका मोपेडवरून येतील, तेही पेट्रोलचे पैसे दिले तर!

या संदर्भात टायरचा इतिहास फार मजेशीर आहे. हवेचा टायर जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये बेलफास्टला पेटंट केला. मुलाच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून त्याने तो केला होता. टायर झकास, पण रिमला चिकटवलेला. पंक्चर झालं की उचकटा, शिवा, परत चिकटवा, वाळवा. सांगतात की असाच एक सायकलवाला फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात दुरुस्तीला आला, काम तासन् तास चाललं आणि डिंक वाळायला रात्र गेली. त्यावरून मिशेलिननी रिमपासून सुटा करता येणारा टायर काढला. १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँने मिशेलिनच्या त्याच टायरवर जिंकली. दुसरा आलेला जिएल-लाव्हाल डनलॉपवर होता.

त्या सुट्या टायरने बाजी मारली ती पंक्चर होत नाही म्हणून नव्हे. पंक्चर दोघांनाही होत होतंच. फरक एवढाच की एकाचं रस्त्यात बसून निघत होतं. आज सव्वाशे वर्षांनंतर आपण नवीन म्हणून जे आणतोय ते, निदान फाट्यावरच्या टपरीपुरतं, पुन्हा न उघडणाऱ्या टायरकडे जाणं आहे. माउंटन सायकलला मॅव्हिकचं ट्यूबलेस १९९९ मध्ये आलं आणि रुळलं. रोडचं शिमानो आणि हचिन्सनने २००६ च्या सुमारास आणलं, तरी रोडवाल्यांमध्ये ते पसरायला बरीच वर्षं लागली. दाबाचं हे गणितच आड येत होतं. आता टायर रुंद झाले, दाब उतरले, तेव्हा कुठे जमायला लागलं.

आपल्याकडे सायकल दुरुस्तीचं जे जाळं आहे त्याची किंमत आपल्याला कळत नाही, कारण ते फुकट दिसतं. तिरोडा घ्या, गोरेगाव घ्या, अर्जुनी मोरगाव घ्या, दर काही किलोमीटरवर एक घमेलं आणि एक पंप आहेच. कारण त्या रस्त्यांवरून 'मानव विकास'च्या सायकलीवर शाळेत जाणाऱ्या मुली आहेत, दूधवाले आहेत, धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाया आहेत, आपल्या मेसमध्ये पहाटे पोचणारे काका आहेत. त्यांच्यासाठी हे जाळं चालतं. आपण साधी ट्यूब ठेवली तर आपणही त्या जाळ्यात बसतो, वीस-तीस रुपयांत. ट्यूबलेस झालो की बाहेर पडतो. मग आपल्याला थेट नागपूर गाठावं लागतं.

आता मुद्दा पैशाचा, ज्यावर मतदान आहे. नागपूरहून आणलेलं कोटेशन मी पाहिलं. चांगल्या ट्यूबलेस टायरची जोडी आठ हजारांच्या घरात, वर पट्टी, वॉल्व्ह, सीलंट मिळून दीड-दोन हजार. म्हणजे एका सायकलला जवळपास दहा हजार. छत्तीस हजारांत सायकली होतात तीन, चौथीला पैसे पुरत नाहीत. आणि ही खरी गंमत पुढेच आहे. आपल्या सहापैकी दोनच सायकलींच्या रिम ट्यूबलेसला चालतात. बाकी चारांना चाकंच नवीन लागतील. म्हणजे छत्तीस हजार खर्च करून क्लबमध्ये धड सायकली दोन! त्या कोण चालवणार ते मी सांगायला नको. पहिल्या वर्षाची पोरं परत पार्किंगमध्ये बघत उभी राहणार.

ट्यूबचा हिशोब असा. २८ मिलिमीटरच्या चांगल्या टायरची जोडी साधारण अडीच हजार, दोन ट्यूब चाकात आणि दोन सुट्या मिळून चौदाशे. म्हणजे एका सायकलला चार हजारांच्या आत. सहा सायकली चोवीस हजारांत रस्त्यावर! उरलेल्या बारा हजारांत काट्याचा मोठा पंप, प्रत्येक सायकलला छोटा पंप, टायरच्या पट्ट्या, आणि जमलं तर दोन-तीन हेल्मेट.

"पण काटे?" असं विचाराल. काट्यांवर उपाय आहेत. दूधवाले टायरच्या आत जुन्या ट्यूबची चिरलेली पट्टी घालतात. जरा जड होतं, पण सराट्याचा काटा त्यातून पार होत नाही. ट्यूबच्या आतही सीलंट घालता येतं. होंडाने ॲक्टिव्हाला सुरुवातीच्या काळात 'टफ-अप' ट्यूब दिली होती ती काय होती? सीलंट असलेली ट्यूबच! बाजू कापली तर जुन्या टायरचा बोटभर तुकडा आतून लावायचा, घरी पोचता येतं. आणि प्रेस्टा वॉल्व्हचा प्रश्न ट्यूब ठेवूनही राहतोच, तो मी लपवत नाही. ज्या रिमचं भोक बारीक आहे त्या सायकलसोबत दोन सुट्या ट्यूब आणि पितळेचा छोटा ॲडॉप्टर कायम पाहिजेच, म्हणजे पंपावर हवा भरता येईल. पण भोक पडलेली प्रेस्टाची ट्यूब त्याच फाट्यावरच्या घमेल्यात बुडवून, घासून, सोल्युशन लावून दुरुस्त होते. ठिगळाला वॉल्व्हशी काही देणंघेणं नाही.

मी ट्यूबलेसचा दुश्मन नाही. ज्याची स्वतःची सायकल आहे, जो ३२ चा टायर आणि कमी हवा वापरतो, जो कॅलेंडरवर सीलंटची तारीख लिहितो आणि नवेगावबांधच्या काटेरी वाटांवर एकटा फिरतो, त्याने जरूर घ्यावं. आमच्या रूममेटनेच परत घेतलंय! आता सीटखालच्या पिशवीत ट्यूब असते आणि तो बोलतो कमी. क्लबमधल्या ज्या दोन रिम चालतात त्यांतल्या एकीवर पुढच्या वर्षी प्रयोग करू. उन्हाळ्यात सीलंट किती दिवस टिकतं, किती भोकं बुजतात, याची नोंद ठेवू. प्रोजेक्टचा विषयही होईल कोणाला तरी. पण सगळ्यांच्या पैशातून, सगळ्यांच्या सायकलींवर, आत्ताच? माझं मत 'नाही'.

माझी सूचना म्हणून एवढीच. ट्यूब घ्या, रुंद टायर घ्या, आणि क्लबमध्ये एक नियम करा. ज्याला मागच्या चाकाचं पंक्चर स्वतः काढता येत नाही त्याला शहराबाहेरच्या राइडला सायकल मिळणार नाही. मलाही आधी येत नव्हतं. त्या फाट्यावरच्या काकांकडे मी नंतर दोनदा जाऊन शिकलो. भोक सापडलं की खूण कशी करायची, घासायचं किती, सोल्युशन लावल्यावर लगेच न चिकटवता ते सुकेपर्यंत थांबायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायर परत चढवण्याआधी आतून बोट फिरवून काटा काढायचा. तो राहिला तर शंभर मीटरवर पुन्हा फुस्स! पहिल्यांदा मला पाऊण तास लागला. आता पंधरा मिनिटं लागतात.

मतदानाच्या आदल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मेसच्या मागच्या नळाजवळ मी घमेलं, ट्यूब आणि सोल्युशन घेऊन बसणार आहे. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी या. मुलींच्या हॉस्टेलच्या क्लब मेंबरनीही यावं, स्टाफपैकी कोणी आलं तर आनंदच. ट्यूबलेसवाल्यांनाही आमंत्रण आहे. त्यांनी आपलं चाक आणावं आणि माझ्या शेजारी बसून टायर काढून, ट्यूब घालून दाखवावी. घड्याळ मेसच्या काकांच्या हातात देऊ. त्यांची सायकलही त्या दिवशी पंक्चर आहे, तीच पहिली घेऊ.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी